देवाला सगळं माहीत आहे, तर रोज का मागायचं? (रोजच्या प्रार्थनेबद्दल धागा, नागपूर)

सदरकर (धागालेखक)

सगळ्यांना सलाम.

आमच्या तरुण संघात बारावीतल्या एका मुलानं विचारलं, "आपली गरज देवाला आधीच ठाऊक असते ना? मग रोज सकाळी उठून तेच ते कशाला सांगायचं? एकदा सांगितलं की झालं." पोरगा नेमानं उपासनेला येणारा आहे, प्रार्थना टाळायला म्हणून विचारत नव्हता. नागपुरात आपल्या सगळ्या ख्रिस्ती पंथांची मंडळी आहेत, इथे वाचणारेही बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय. आधी माझं सांगतो.

हा प्रश्न प्रभू येशूनं स्वतःच आपल्यापुढे ठेवलेला आहे. बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायात आठव्या वचनात तो सांगतो की तुम्ही मागायच्या आधीच तुमच्या पित्याला तुमची गरज माहीत आहे. आणि लगेच पुढच्या वचनात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना शिकवतो. मध्ये श्वासभर जागा सोडलेली नाही. पित्याला माहीत आहे, एवढ्याच भरवशावर ती प्रार्थना उभी आहे. सरकारी ऑफिसात आपण जातो तेव्हा साहेबाला आपलं काही माहीत नसतं. अर्ज लिहा, झेरॉक्स जोडा, ओळखीचा माणूस शोधा. बापाकडे जाताना यातलं काही लागत नाही, म्हणूनच तर रोज जाता येतं.

आता त्या प्रार्थनेतला क्रम बघा. भाकर पहिल्या ओळीत नाही. आधी त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. मग 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे'. आजची. वर्षभराचं धान्य नाही, म्हातारपणाची सोय नाही. (या दोन्ही गोष्टी माणसानं करू नयेत असं मी म्हणत नाही. माझीही पॉलिसी आहे.) पण मागायला शिकवलं ते आजचं. भाकरीनंतर लगेच क्षमा येते, म्हणजे क्षमाही रोजच लागते.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायातला मान्नाही असाच, म्हणजे इस्राएल लोकांना देवानं दिलेलं अन्न. रानात रोज सकाळी पडायचा, ज्यानं त्यानं आपल्या घरापुरता वेचायचा. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडले, घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या (विश्रांतीच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती, आणि तो मात्र नासत नसे. तिथे एक बारीकसा तपशील आहे: ऊन तापलं की मान्ना वितळून जाई. मे महिन्यात नागपुरात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सकाळी उठून जो गेला नाही त्याच्यासाठी दुपारी जमिनीवर काही उरलेलं नसे. आणि हे चाळीस वर्षं चाललं. देवाला महिन्याचा साठा एकदम देता आला असता. त्यानं दिला नाही. कारण साठा दिसायला लागला की लोक साठ्याकडे बघतात, देणाऱ्याकडे बघायचं राहून जातं.

मला वाटतं त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. देवाला काही कळावं म्हणून आपण रोज जात नाही. आपण कोणाच्या हातून जेवतो हे आपल्याला दिवसागणिक विसरायला होतं, म्हणून जातो.

माझा स्वतःचा नेम साधा आहे. उन्हाळ्यात पाचच्या सुमारास कूलर बंद करतो, कारण त्याच्या घरघरीत मन लागत नाही. गच्चीवर जातो. एक स्तोत्र मोठ्यानं वाचतो, मग त्या दिवशीच्या कामांची नावं घेतो: बँक, पोराची फी, दुकानातला माल, भावाशी बोलायचं आहे ते. शेवटी प्रभूची प्रार्थना. बस. काही दिवशी मन भरून येतं, बऱ्याच दिवशी येत नाही. न आलेल्या दिवशीही ती प्रार्थनाच असते असं मी मानतो.

तुमच्याकडे कसं असतं? आणि त्या मुलाला तुम्ही काय सांगाल?

रातपाळी

सदरकर, छान विषय. मी नर्स आहे, मेडिसिन वॉर्डला. महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी असते, त्यामुळे 'पहाटे उठून निवांत समय' हे माझ्या आयुष्यात बसत नाही. लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा महिला संघातल्या बाया पहाटेच्या प्रार्थनेबद्दल बोलायच्या आणि मी त्या वेळी ड्युटीवरून बसने परत येत असायचे.

माझी प्रार्थना वॉर्डात असते. हँडओव्हर घेताना आधीची सिस्टर प्रत्येक बेडबद्दल सांगत जाते: बारा नंबरला ऑक्सिजन चालू, चौदाची शुगर दोन तासांनी बघायची, सतराच्या नातेवाइकांना सकाळी डॉक्टर भेटतील. मी रजिस्टरमध्ये लिहीत असते आणि प्रत्येक बेडपाशी मनात एकच वाक्य म्हणते, 'प्रभू, हा तुझा.' डोळे मिटत नाही, हात जोडत नाही. कोणाला कळतही नाही. मग हात धुऊन कामाला लागते.

एवढ्यानं काय होतं असं कोणी विचारेल. मला एवढं माहीत आहे की त्या वाक्याशिवाय मी वॉर्डात शिरले तर पहाटे तीन-चारला, दोन पेशंट एकदम बिघडले की, सगळं माझ्याच खांद्यावर आहे असं वाटायला लागतं. मग आवाज चढतो, वॉर्डबॉय मामांवर चिडते, हात थरथरतो. ते वाक्य म्हटलेलं असलं की डोकं जागेवर राहतं. सलाइन तेवढ्याच काळजीनं लावते, किंबहुना जास्तच. पण हा माणूस शेवटी माझ्या हातात नाही, हे आत कुठेतरी पक्कं असतं.

पौल रोमकरांस पत्रात लिहितो की आपल्याला यथायोग्य प्रार्थना कशी करावी ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो (8:26). आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेली माणसं बघितली की मला ते वचन आठवतं. त्यांच्याकडे शब्द नसतातच.

पहाटेचा नेम चांगला आहे, ज्यांना जमतो त्यांनी जरूर करावा. पण आपल्या मंडळ्यांमध्ये तो एकच खरा नेम असल्यासारखं बोललं जातं आणि पाळीवर जाणारी माणसं मागे राहतात. दानीएल दिवसातून तीनदा खिडकीशी गुडघे टेकायचा, तोसुद्धा राजाची नोकरी सांभाळून.

टेकडीवरचा

मी कॅथलिक, सेमिनरी हिल्सच्या बाजूला राहतो. इथले बरेच जण उत्स्फूर्त प्रार्थनेवाले दिसतात, म्हणून ठरलेल्या प्रार्थनेची बाजू मांडतो.

आमच्याकडे शब्द आधीच दिलेले असतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ 'देवदूताचा निरोप' ही प्रार्थना. रात्री घरी जपमाळ. धर्मगुरू, सिस्टर्स आणि आता बरेच प्रापंचिकही प्रहरांच्या प्रार्थना म्हणतात, त्यात मुख्य भाग स्तोत्रांचा. बाहेरून बघणाऱ्याला हे घोकंपट्टीसारखं वाटतं आणि मत्तय 6:7 मधली व्यर्थ बडबड आमच्या तोंडावर फेकली जाते. पण गेथशेमाने बागेत येशूनं तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली असं त्याच मत्तयनं 26:44 मध्ये नोंदवलंय. आणि वधस्तंभावर जीव जाताना त्याच्या ओठांवर आलं ते बाविसावं स्तोत्र आणि एकतिसावं स्तोत्र. लहानपणापासून पाठ असलेलं तेच त्या घडीला कामी आलं.

देवावर अवलंबून राहायचं म्हणता, तर शब्दांसाठीसुद्धा का राहू नये? रोज माझ्या मनातलं, माझ्या मूडप्रमाणे बोलायचं ठरवलं तर मी रोज माझ्याचबद्दल बोलेन. स्तोत्र मला दुसऱ्याच्या दुःखात ओढून नेतं. मी खुशीत असतो आणि पुढ्यात विलापाचं स्तोत्र येतं, तेव्हा ते कोणासाठी तरी म्हणावं लागतं.

सदरकर

टेकडीवरचा, मान्य. आणि हा वाद नागपूरला नवा नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला इथेच सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात पुस्तकातून प्रार्थना म्हणणारे अँग्लिकन होते आणि कागद हातात न घेता प्रार्थना करणारे बॅप्टिस्टही होते. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला गेलं की मला ती गोष्ट आठवते. दोन्ही चाली एका छपराखाली नांदू शकतात. माझ्या स्वतःच्या नेमातही स्तोत्र तुमचं आहे आणि कामांची यादी माझी.

इंदोरा_चौक

सर्वांना जय भीम. मी ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे. मात्र शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे आणि त्यांच्या घरची संध्याकाळची प्रार्थना भिंतीपलीकडून ऐकत मोठा झालो, म्हणून हा धागा पूर्ण वाचला. आदरानं एक विचारतो.

14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर माझे आजोबा होते. आमच्या घरात पहिली शिकवण ही की कोणावर विसंबू नका, अत्त दीप भव, म्हणजे स्वतःच स्वतःचा दिवा व्हा. पिढ्यानपिढ्या लोकांना 'देवानं ठेवलं तसं राहा' असं सांगूनच खाली ठेवलं गेलं. त्यामुळे 'रोज देवावर अवलंबून राहणं' हे ऐकलं की मला भीती वाटते. गरीब माणसाला हे शिकवलं तर तो हक्कासाठी उठेल का? मालकानं मजुरी बुडवली तर तो प्रार्थना करत बसेल की जाब विचारेल?

वाद घालायचा नाही. खरंच समजून घ्यायचं आहे.

रंगारी

भाऊ, मी लिवत नाही जास्त. मी बोलतो अन् पोरगी टाइप करून देऊन रायली.

मी रंगकाम करतो. सकाळी ठिय्यावर उभा रायतो. कोणी नेलं त रोजी पडते, नाही त डबा घेऊन वापस घरी. इंदोरा चौकवाल्या भाऊनं इचारलं ते बरोबर इचारलं. मी मले माहीत हाय तेवढं सांगतो.

घरून निंगाच्या आधी मी 'आमची रोजची भाकर आज आम्हाले दे' म्हणतो. अन् मंग ब्रश, पट्टी, पॉलिश पेपर झोऱ्यात टाकतो. कालचा ब्रश रातीच धुऊन ठेवलेला असते. नाही धुतला त केस कडक होते, भितीवर रेघा पडते. देव माह्या ब्रश धुवाले येत नाही, ते माहं काम हाय.

ठिय्यावर पन्नास-साठ माणसं रायते. ठेकेदार येते, बोट दाखवते, तू चल, तू चल. आधी कोणी बाजूच्याले नेलं का माह्या जिवाची आग व्हायची. त्याले काऊन, मले काऊन नाही. मंग एक दिवस ध्यानात आलं का मी सकाळी एकट्याची भाकर मांगतलीच नव्हती. आमची म्हटलं होतं. त्या आमचीमधी तो बी येते ना. आता त्याले नेलं का मी म्हणतो, चला, एकाची त झाली.

मजुरीचं म्हणाल त, एका ठेकेदारानं आमची रोजी अडकवली होती. चौघं मिळून त्याच्या घरी गेलो अन् पैसे घेऊनच आलो. जायच्या आधी प्रार्थना केली का डोकं नाही फिरलं पाह्यजे, हात नाही उचलला गेला पाह्यजे. नाही उचलला.

सदरकर

रंगारी भाऊ, तुम्ही लिहिलेलं मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

इंदोरा_चौक, तुमचा प्रश्न आम्ही टाळू नये असाच आहे. देवाच्या नावावर माणसांना गप्प बसवलं गेलं हे खरं आहे, आणि त्यात ख्रिस्ती म्हणवणारेही होते. पण बायबलमधली अवलंबून राहणारी माणसं हात बांधून बसलेली दिसत नाहीत. यरुशलेमचा कोट बांधताना शत्रू चालून यायची भीती होती, तेव्हा नहेम्या लिहितो की आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला (4:9). दोन्ही एकाच वाक्यात. पौल तंबू शिवून पोट भरायचा आणि थेस्सलनीकाच्या मंडळीला त्यानं बजावलं की ज्याला काम करायची इच्छा नाही त्यानं खाऊही नये. मान्नासुद्धा तोंडात पडत नव्हता, पहाटे वाकून वेचावा लागायचा.

जाब विचारण्याबद्दल: नेहमी प्रार्थना करावी, खचू नये, हे शिकवताना येशूनं लूकच्या अठराव्या अध्यायात जी गोष्ट सांगितली ती एका विधवेची आहे. अन्यायी न्यायाधीशाच्या दारात ती पुन्हा पुन्हा जाते, न्याय दे म्हणते, शेवटी तो कंटाळून देतो. प्रार्थनेचं उदाहरण म्हणून प्रभूनं गप्प बसणारी बाई निवडली नाही, दार न सोडणारी निवडली. आणि याकोब तर म्हणतो की मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे (5:4). देवापुढे रोज वाकणारा माणूस ठेकेदारापुढे वाकायला तयार नसतो. मी तरी हे आमच्या जुन्या लोकांत पाहिलेलं आहे.

तरीही तुमच्या-आमच्यात फरक राहणार, तो मी पुसत नाही. तुम्ही दिवा स्वतःत शोधता, आम्ही म्हणतो तो आम्हाला दिला जातो. पण आमच्या प्रार्थनेतून कोणी आळशी किंवा लाचार होत असेल तर तुम्ही आम्हाला टोकलंच पाहिजे.

इंदोरा_चौक

समजलं. पहाऱ्याची गोष्ट माहीत नव्हती. रंगारी दादांना विशेष धन्यवाद.

जुनी_पानं

नहेम्यावरून रमाबाई आठवल्या. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या, म्हणजे आपल्याच मुलखात, आणि उपासमारीतून मुलींना आणि बायकांना बरोबर घेऊन गेल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं ते त्यांच्यासाठी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथाश्रमांची हकिकत रमाबाईंनी वाचलेली होती. म्यूलर यांचा नियम असा की गरज माणसांपुढे मांडायची नाही, कर्ज काढायचं नाही, देवाजवळ मागायचं. 1898 मध्ये ते वारले तोवर हजारो मुलं त्यांच्या आश्रमांत वाढली होती, आणि आल्या-गेल्याचा हिशेब त्यांनी बारकाईनं लिहून ठेवला होता. हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. देवावर सोडणारा माणूस वह्या चोख ठेवतो.

रमाबाईंचंही तेच. एवढ्या मोठ्या घरात रोज किती भाकरी लागत असतील याचा विचार करा. त्यांच्याकडे प्रार्थना अखंड चालायची, आणि त्याचबरोबर विहिरी खणल्या गेल्या, शेती केली गेली, मुलींना विणकाम शिकवलं गेलं, छापखाना चालवला गेला. संस्कृत कोळून प्यालेली ही बाई आयुष्याच्या शेवटापर्यंत साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत बसली होती. 1922 मध्ये त्या गेल्या.

आपल्या नागपूरचा धागा अजून एक आहे. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं जात असताना डब्यातल्या एका युरोपियन माणसानं त्यांना नवा करार वाचायला दिला. तिथून सुरू झालेला प्रवास 1895 च्या बाप्तिस्म्यापर्यंत गेला. मराठी ख्रिस्ती माणूस आज अभंगात आणि भजनात प्रार्थना करतो, ते मोठ्या अंशी टिळकांमुळे. माझी आजी संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी टाळ घेऊन बसायची. उसनी घेतलेली चाल तिच्या प्रार्थनेत कुठे नव्हतीच.

अबोली

बरेच दिवस इथे वाचते, पहिल्यांदा लिहितेय.

माझे बाबा पावसाळ्यात गेले. किडनीचं होतं. आमच्या घरी, मंडळीत, नातेवाइकांत सगळीकडे उपास-प्रार्थना चालू होती. एका प्रार्थना गटातल्या माणसानं तर मध्येच सांगितलं की पूर्ण विश्वास असेल तर गोळ्या बंद करून दाखवा. बाबांनी त्यांना शांतपणे दारापर्यंत सोडलं आणि गोळी घेतली. बाबा गेल्यावर तोच माणूस भेटायला आला आणि आईसमोर म्हणाला, कुठेतरी विश्वास कमी पडला.

तेव्हापासून मला प्रार्थना करता येत नाही. चर्चमध्ये जाते, गाणी म्हणते, पण स्वतःचे शब्द काढायला गेले की ते वाक्य कानात येतं. तुम्ही सगळे रोजच्या भाकरीबद्दल लिहिताय. आम्ही एकच गोष्ट रोज मागत होतो. ती मिळाली नाही.

रातपाळी

अबोली ताई, तुमच्या बाबांनी जे केलं ते अगदी बरोबर केलं. हे मी नर्स म्हणून सांगते आणि विश्वासी म्हणूनही. गोळ्या सोडायला सांगणारा कोणीही असो, कितीही मोठ्यानं प्रार्थना करणारा असो, त्याचं ऐकायचं नाही. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. डायलिसिस चुकवून आलेले पेशंट आम्ही बघतो, त्यांची काय अवस्था होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि विश्वास कमी पडला हे वाक्य मनातून काढून टाका. बागेत येशूनं मागितलं की हा प्याला माझ्यापासून टळो. टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं तो माणूस म्हणेल का? पौलानं आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, काढावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. काटा राहिला.

तुम्हाला शब्द सुचत नसतील तर नका काढू. आईजवळ बसा. आमच्यातलं कोणीतरी तुमच्या वतीनं म्हणेल, मी तर आज रात्रीपासून म्हणेन.

टेकडीवरचा

अबोली ताई, आमच्या कॅथलिक बायबलमध्ये सिराकचं पुस्तक आहे. त्याच्या 38 व्या अध्यायात वैद्याचा मान राखा, त्यालाही प्रभूनंच निर्माण केलं आहे असं म्हटलंय. आजारपणात प्रार्थना करा आणि मग वैद्याला जागा द्या, दोन्ही तिथे शेजारी शेजारी आहेत. तुमचे बाबा त्याच वाटेनं चालले.

दुसरी गोष्ट. स्वतःचे शब्द येत नाहीत म्हणता, तर स्तोत्र 88 उघडा. अख्ख्या स्तोत्रसंहितेत इतकं काळोखं स्तोत्र नाही. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, आशेचं एखादं वाक्य येतं. हे वळत नाही. शेवटच्या ओळीतही अंधारच आहे. लिहिणारा देवाला विचारतो की तू मला का टाकलंस, तोंड का लपवतोस. त्याला उत्तर मिळाल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. तरी त्याच स्तोत्रात नवव्या वचनात तो म्हणतो की मी रोज तुला हाक मारतो, आणि तेराव्यात, सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. म्हणजे रोजच्या प्रार्थनेचा नेम सगळ्यात स्पष्ट कोणी लिहून ठेवला असेल तर या माणसानं, ज्याला काहीच मिळत नव्हतं.

आमच्या प्रहरांच्या प्रार्थनेत दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी हेच स्तोत्र असतं. जगभर किती तरी लोक त्या रात्री ते म्हणतात, स्वतः सुखात असले तरी. या शुक्रवारी मी ते तुमच्यासाठी म्हणतो. तुम्ही नाही म्हटलं तरी चालेल.

अबोली

वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली हे बायबलात आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

मेकोसाबाग

अबोली, तुझ्या आईला माझा सलाम सांग. भेटायला आले तर चालेल का? निरोप टाकलाय.

बाकी मूळ विषयावर थोडं. घरात दोन मुलं आहेत, मोठीचं नीटचं (मेडिकल प्रवेश परीक्षेचं) वर्ष. सकाळी तिची टेस्ट, संध्याकाळी क्लास. कौटुंबिक प्रार्थनेला सगळे एकत्र बसणं अवघड झालंय. आम्ही जेवणाच्या आधी उभ्या उभ्या करतो. प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं, आज काय लागतंय एवढंच. धाकटा परवा म्हणाला, 'देवा, मला खोटं बोलायला लागू नये.' काय झालं होतं ते जेवताना आपोआप बाहेर आलं. लांब प्रार्थना असती तर ते वाक्य आलं नसतं असं मला वाटतं.

एक खटकतं तेही लिहिते. नीटच्या वर्षी आपण मुलांसाठी फक्त मार्कांची प्रार्थना करतो. सीट मिळाली की देव मोठा, नाही मिळाली की घरात सुतक. मुलगी हे सगळं बघते. तिच्यासाठी मी आता झोप मागते, आणि पेपर जसा जाईल तशी आम्ही तिच्याशी वागू नये हेही मागते.

सदरकर

मेकोसाबाग, शेवटचं वाक्य आमच्या पालक सभेत सांगणार आहे, परवानगी गृहीत धरतो. त्या बारावीच्या मुलाला हा सगळा धागा पाठवलाय. त्यानं रंगारी भाऊंचा प्रतिसाद मित्रांना फॉरवर्ड केला.

रंगारी

सगळ्याईले जय मसीह की. अबोली बाईसाठी आमच्या घरी प्रार्थना झाली.

एक इचाराचं होतं. मले वाचाले येळ लागते, अक्षर बारीक दिसते. मोबाइलमधी मराठीत बायबल ऐकता येते काय? अन् कुठून चालू करू?

रातपाळी

येतं दादा. बायबलचं मोफत ॲप मिळतं, त्यात भाषा मराठी निवडली की नवा करार ऐकता येतो. पोरीला सांगा, ती पाच मिनिटांत लावून देईल. वायफाय असेल तिथे आधी उतरवून घ्या म्हणजे डेटा जाणार नाही. मार्कपासून सुरू करा, सोळाच अध्याय आहेत, गोष्टीसारखा पुढे सरकतो. ठिय्यावर वाट बघताना एक अध्याय सहज होईल. पण शिडीवर असताना कानात हेडफोन घालू नका.